मागचं लावलं का?

डबा ठेवायचा की विकायचा, हे आता आइस्क्रीम ठरवणार होतं.

डबा म्हणजे गाडीच्या मागे कडीला अडकवून ओढत न्यायचं दोन चाकांचं घर. आत दोन बिछाने, एक बेसिन, एक छोटा फ्रिज आणि या सगळ्यांना वीज पुरवणारी एक बॅटरी. निवृत्त झाल्यावर अनुस्वाररावांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणालाही न विचारता एक गोष्ट केली, ती म्हणजे हा डबा घेतला. त्यानंतर आठ महिने ते भेटेल त्याची त्याबद्दल माफी मागत होते.

अनुस्वारराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. चाळीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितं तपासत बसले. कोणाच्याही लिखाणातला एक अनुस्वार इकडचा तिकडे होऊ दिला नाही, म्हणून हे नाव पडलं, असं ते स्वतः समजत. खोलीत ते आहेत की नाहीत, हे टिंबाएवढंच कळतं म्हणून पडलं, असं बाकीचे समजत.

त्यांच्या पत्नीने तेवढीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. तिला सगळे सिस्टर म्हणत आणि घाबरल्यावर अनुस्वाररावही तेच म्हणत. आत जितक्या कात्र्या गेल्या तितक्याच बाहेर आल्या पाहिजेत, हा तिच्या संसाराचा पाया होता. एकीकडे मोजणारी बायको, दुसरीकडे तपासणारा नवरा. अशा घरात चूक शिरायला फटच नाही, असं कोणालाही वाटलं असतं.

पण डब्याच्या पहिल्याच सहलीत बॅटरी संपली. पाण्याचा पंप थांबला, आणि तो थांबला तेव्हा सिस्टरच्या डोक्यावर भरपूर शाम्पू होता.

"विका," ती टॉवेल गुंडाळून म्हणाली. 

गिऱ्हाईक घरातच होतं. सिस्टरचा धाकटा भाऊ विजेची कामं घेणारा कंत्राटदार. तो एका रविवारी आला, डब्याभोवती फिरला आणि कलिंगड वाजवून बघावं तसा त्याने डबा वाजवून पाहिला.

"भाऊजी, मला देऊन टाका. साइटवर ऑफिसला होईल. तुम्हाला कशाला ही नसती उठाठेव?"

"नाही, म्हणजे, मी एक पुस्तक वाचतोय," अनुस्वारराव म्हणाले. "गाडी चालू असताना पुढच्या इंजिनातून मागची बॅटरी भरता येते म्हणे. एक जाड वायर टाकली की झालं. बहुतेक."

"वाचा, वाचा. पण वीज म्हणजे शुद्धलेखन नव्हे. तिथे चुकलात तर लाल शाईची खूण करतात, इथे चुकलात तर धूर निघतो."

सिस्टर हसली. त्या हसण्याने अनुस्वाररावांच्या मनात काहीतरी हललं.

"एक संधी दे," मेहुणे गेल्यावर ते म्हणाले. "त्याच्या साठाव्या वाढदिवसाला आपण डबा घेऊन जाऊ. पाच तासांचा रस्ता आहे. तू काहीही ने फ्रिजमध्ये. पोचेपर्यंत खराब झालं तर डबा त्याचा."

सिस्टरने विचार केला. "कॉफीचं आइस्क्रीम नेते, घरी केलेलं. घट्ट पोचलं तर डबा राहील. पातळ पोचलं तर त्याच्या दारातच कडी काढायची. कबूल?"

"कबूल. बहुतेक."

"बहुतेक नाही चालणार."

"कबूल," अनुस्वारराव म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

पुढचे तीन आठवडे ते गाडीखाली होते. बारीक वायर घातली तर वीज वाटेतच दमते, असं पुस्तकात होतं. म्हणून त्यांनी अंगठ्याएवढी जाड, लाल-काळी दुहेरी वायर आणली. लागणार होती सहा मीटर. त्यांनी तीनदा मोजली, तिन्ही वेळा सहाच भरली, तेव्हा घाबरून दहा मीटर आणली. उरलेल्या चार मीटरचं वेटोळं सिस्टरने डब्यातल्या बिछान्याखाली पायाने ढकललं. "अजगर पाळलाय," ती म्हणाली.

पुस्तकात आणखी एक ताकीद होती. गाडी चालू असताना पुढच्या बॅटरीने मागचीला वीज द्यावी हे ठीक, पण गाडी बंद असताना ही वायर जोडलेली राहिली, तर मागचा फ्रिज पुढची बॅटरी पिऊन टाकतो आणि मग गाडीच सुरू होत नाही. यासाठी आपोआप उघडझाप करणारं यंत्र मिळतं, पण आपोआप होणाऱ्या गोष्टींवर अनुस्वाररावांचा विश्वास नव्हता. त्यांनी डब्याच्या पुढच्या अंगाला, कडीजवळ, एक भलामोठा लाल स्विच बसवला. दांडा उभा म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. गाडी निघाली की लावायचा, थांबली की काढायचा.

आणि विसरायला नको म्हणून त्यांनी यादी केली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तासून सुबक करणाऱ्या माणसाने शिसपेन्सिलीने, मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं: गॅस बंद करणे. खिडक्या लावणे. दार लावणे. कडी तपासणे. मागचे लावणे.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सातला सिस्टर यादी घेऊन पुढच्या सीटवर बसली. थिएटरमध्ये शस्त्रं मोजायची त्याच सुरात तिने सुरू केलं.

"गॅस?"

"बंद."

"खिडक्या?"

"लावल्या."

"दार?"

"लावलं."

"कडी?"

"तपासली. दोनदा."

"मागचं?"

अनुस्वारराव तेव्हा डब्याच्या शेपटाकडे उभे होते. तिथे सामानाच्या कप्प्याला एक झाकण होतं आणि ते त्यांनी नुकतंच दाबून बसवलं होतं. आज 'बहुतेक' म्हणायचं नाही, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं.

"लावलं!" ते ठणकावून म्हणाले. इतक्या खात्रीने त्यांनी आयुष्यात काही म्हटलं नव्हतं.

गाडी निघाली. रस्ता मोकळा होता, हवा छान होती. अनुस्वारराव हळूच गुणगुणू लागले. "आत्ता, या क्षणाला," ते म्हणाले, "आपल्या बुडाखालून वीज मागे चालली आहे."

"मला काही जाणवत नाही," सिस्टर म्हणाली.

"तेच तर. जाड वायर!"

तीन तासांनी एका मोठ्या पेट्रोलपंपावर ते थांबले. पंपाभोवती ट्रक उभे करायला फुटबॉलच्या मैदानाएवढं अंगण होतं. सिस्टर डब्यात गेली आणि तितक्याच वेगाने बाहेर आली.

"अहो, फ्रिज गप्प आहे."

"गप्प म्हणजे?"

"माझा पेशंट गेला म्हणजे जसा गप्प होतो तसा."

अनुस्वाररावांनी आत जाऊन भिंतीवरचं मीटर पाहिलं. मागची बॅटरी तळाला गेली होती. फ्रिजने तिला पार शोषून घेतलं होतं आणि मग स्वतःहून मान टाकली होती. सिस्टरने आइस्क्रीमचा डब्बा उघडून चमचा घातला. कडेचं आइस्क्रीम चमच्याला वाट देत बाजूला झालं.

"कडा सुटल्या," ती म्हणाली. "मध्ये अजून घट्ट आहे. तासभर टिकेल."

अनुस्वारराव डब्याच्या पायरीवर बसले. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वायर बारीक पडली असेल का? अंगठ्याएवढी म्हणजे कोणाच्या अंगठ्याएवढी? त्यांचे अंगठे लहानच होते. एवढ्यात सिस्टर फोनवर बोलत असलेली ऐकू आली.

"अरे, बॅटरी बसली. हो, यांनीच केलंय ते. हसू नकोस. तू बर्फ घेऊन ये."

फोनमधला आवाज पायरीपर्यंत पोचला. "तरी मी म्हणत होतो! ताई, जागचे हलू नका. मी काही डबा ओढत येत नाही, तासाभरात पोचतो. भाऊजींना म्हणावं, कशाला हात लावू नका! आणि डब्याची चावी तयार ठेवा!"

फोन ठेवून सिस्टर कडीजवळ गेली आणि थबकली. "अहो, हा दांडा आडवा का?"

"आडवा म्हणजे बंद," अनुस्वारराव पायरीवरून यांत्रिकपणे म्हणाले.

"ते मला माहीत आहे. पण तुम्ही तर म्हणालात, मागचं लावलं."

"लावलं की. मी स्वतः दाबून लावलं."

"काय लावलंत?"

"झाकण."

सिस्टरने यादी त्यांच्या नाकासमोर धरली.

"मी झाकण विचारलं?" सिस्टर म्हणाली. "मी 'मागचं' विचारलं. यादीत लिहिलंय ते. तुमच्या हाताने लिहिलंय!"

अनुस्वाररावांनी यादी घेतली. 'मागचे लावणे.' मागचे काय? लावणे म्हणजे काय? दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की सुरू होतो. एकच क्रियापद दोन्ही तोंडांनी बोलतं, हे त्यांनी किती लेखकांना समासात लिहून कळवलं होतं! दुसऱ्या कोणाचं वाक्य असतं, तर त्यांनी ते लाल गोल करून परत धाडलं असतं.

"संदिग्ध आहे," ते पुटपुटले.

"संदिग्ध नाही, घोळ आहे!" सिस्टरने त्यांच्या खिशातली पेन्सिल ओढली आणि यादीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठी फुली मारली. "डबाच जायचा, तर यादी कशाला?" तिने कागद पर्समध्ये कोंबला.

पण अनुस्वारराव उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"अगं, पण म्हणजे वायर चुकली नाही!"

"मग?"

"वायर बरोबर आहे. पुस्तक बरोबर आहे. फक्त वाक्य चुकलं!" त्यांनी दांडा उभा केला, धावत जाऊन इंजिन सुरू केलं, पुन्हा धावत डब्यात जाऊन मीटर पाहिलं. आकडा चढला होता. थोडासाच, पण चढला होता. "सिस्टर! भरतेय! आणि पुस्तकात लिहिलंय, उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत जास्त भरते. चल, बस!"

"तो जागचे हलू नका म्हणालाय. आपण निघालो आणि चुकामूक झाली म्हणजे?" तिने भावाला फोन लावला. तो उचलेना. गाडीत गाणी मोठ्याने लावून चालवायची त्याला सवय होती.

अनुस्वाररावांनी अंगणाकडे पाहिलं. "जागचे हलायचं नाही," ते म्हणाले, "पण चालायचं आहे."

आणि त्यांनी पंपाला प्रदक्षिणा सुरू केली.

पुढे गाडी, मागे डबा, डब्यात आइस्क्रीम, अशी वरात पंपाभोवती फिरू लागली. पेट्रोल भरणारी टोपीवाली बाई पहिल्या फेरीला कौतुकाने पाहत होती. दुसऱ्या फेरीला ती ओरडली, "काका, बाहेर जायचं गेट तिकडे आहे!"

तिसऱ्या फेरीला अनुस्वारराव खिडकीतून म्हणाले, "माहीत आहे!"

चौथ्या फेरीला ती म्हणाली, "मग जात का नाही?"

पाचव्या फेरीला अनुस्वारराव म्हणाले, "मेहुणे येतायत!"

सहाव्या फेरीला ती म्हणाली, "म्हणून पळताय होय?"

जेवत बसलेल्या दोन ट्रकवाल्यांनी आपल्या खुर्च्या फिरवून घेतल्या. एकाने फेऱ्या मोजायला घेतल्या. विसाव्या फेरीला सिस्टर खिडकीशी खाली सरकून बसली, म्हणजे फक्त अंबाडा दिसावा. तिसाव्या फेरीला ट्रकवाले टाळ्या वाजवू लागले आणि अनुस्वाररावांनी, स्वतःच्याही नकळत, त्यांना हात केला. पस्तिसाव्या फेरीनंतर ते थांबले, इंजिन बंद करण्याआधी खाली उतरले, दांडा आडवा केला आणि मोठ्याने म्हणाले, "स्विच, लाल, कडीजवळचा, बंद केला."

सिस्टर डब्यात गेली. फ्रिज एकसुरात घुरघुरत होता. तिने डब्बा उघडला आणि चमचा रोवला. चमचा रुतेना.

 तिने चमचा नवऱ्याला दाखवला. तो किंचित वाकला होता.

तेवढ्यात भोंगा वाजवत मेहुण्यांची व्हॅन आली. पुढचे दिवे चालू, टपावरचा पिवळा दिवा गरगर फिरतोय, गाणं चालू, आणि आत बर्फाची पेटी स्वतःच्या विजेवर गार होत असलेली. इंजिन तेवढं बंद करून मेहुणे उतरले.

"वाढदिवस माझा आणि उठून मीच आलोय! कुठाय पेशंट? बघू वायर."

"आता ठीक आहे," अनुस्वारराव म्हणाले.

"भाऊजी, ठीक आहे की नाही हे मी सांगायचं असतं."

मेहुणे गाडीखाली शिरले. मग डब्याखाली शिरले. वायर अंगठ्याशी लावून पाहिली, जोड ओढून पाहिले. प्रत्येक जोडाखाली कागदाची चिठ्ठी बांधलेली होती आणि तीवर शाईने लिहिलं होतं, हा कशाचा जोड आहे. पाऊण तास त्यांनी चूक शोधली. मागे व्हॅनचे दिवे जळत होते, पिवळा दिवा फिरत होता, गाणं हळूहळू खोल जात होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी मेहुण्यांनी आपलं मीटर बॅटरीला लावलं, आकडा पाहिला आणि मीटरवर दोन चापट्या मारल्या. "माझं मीटर बिघडलंय," ते म्हणाले.

"भिंतीवरचंही तेच सांगतंय," सिस्टर म्हणाली.

"बरं, असेल. नशीब असतं एकेकाचं. चला, पाहुणे आले असतील. पंचवीस माणसं जेवायची थांबलीत. आइस्क्रीम माझ्या पेटीत घाल, ताई. धोका नको."

"आइस्क्रीम डब्यातच जाईल," सिस्टर म्हणाली. अनुस्वाररावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

मेहुणे व्हॅनमध्ये बसले. किल्ली फिरवली. आतून टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली. टक्. टपावरचा पिवळा दिवा एक शेवटचा अर्धा फेरा मारून सिस्टरकडे तोंड करून थांबला.

ट्रकवाल्यांनी खुर्च्या पुन्हा फिरवल्या.

"दिव्याखाली अंधार," सिस्टर म्हणाली.

"अगं, दिवे चालू राहिले, होतं कधी कधी! दुसऱ्या बॅटरीवरून झटका दिला की सुरू होईल. वायर आहे ना माझ्याकडे." मेहुण्यांनी मागचं दार उघडलं. आत शिड्या होत्या, खोकी होती, बल्ब होते, पक्कड होती, तिला जुळ्या चार बहिणी होत्या. वायर नव्हती. "साइटवर राहिली," ते म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "भाऊजी, तुमच्याकडे काही... जाडसर..."

अनुस्वारराव डब्यात गेले. बिछान्याखाली हात घालून त्यांनी अजगर बाहेर ओढला. चार मीटर, लाल-काळी, अंगठ्याएवढी.

दोन्ही ट्रकवाल्यांनी व्हॅन ढकलून डब्याच्या तोंडाशी आणली. मेहुण्यांनी वायरची एका बाजूची टोकं व्हॅनच्या बॅटरीला पकडीने आवळली. दुसऱ्या बाजूची टोकं अनुस्वाररावांच्या हातात होती.

"हं, लावा!" मेहुणे म्हणाले.

अनुस्वारराव हलले नाहीत.

"लावा ना, भाऊजी!"

"काय लावू?" अनुस्वाररावांनी शांतपणे विचारलं. "दार लावू, झाकण लावू, की दिवा लावू?"

"अहो, वायर!"

"कुठली, कशाला? वाक्य पूर्ण पाहिजे. अपूर्ण वाक्यामुळे सकाळी आमचं तीन तासांचं नुकसान झालंय."

मेहुण्यांनी बहिणीकडे पाहिलं. ऑपरेशन थिएटर तिच्या चेहऱ्यावर उतरलं होतं. "ते म्हणतायत तसं कर," असं तो चेहरा म्हणत होता.

"लाल वायर," मेहुणे दात आवळून म्हणाले, "डब्याच्या बॅटरीच्या लाल टोकाला जोडा. मग काळी वायर काळ्या टोकाला जोडा. कृपा करून."

"'कृपा करून' सुरुवातीला आलं तर वाक्य जास्त चांगलं वाचलं जातं," अनुस्वारराव म्हणाले आणि त्यांनी जोडलं.

दहा मिनिटं सगळे वायरकडे बघत उभे राहिले. डब्याची बॅटरी व्हॅनच्या बॅटरीत झिरपत होती. मग मेहुण्यांनी किल्ली फिरवली. व्हॅन खोकली, शिंकली आणि धडधडून सुरू झाली. पिवळा दिवा फिरायला लागला. ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, टोपीवाल्या बाईने टोपी काढून हलवली आणि ओरडली, "काका, आता तरी गेट सापडेल ना?"

उरलेले दोन तास डबा पुढे होता आणि व्हॅन मागे. मेहुण्यांनीच तसं सुचवलं होतं. "वाटेत पुन्हा बंद पडली तर असावं कोणीतरी," ते म्हणाले. निघताना दांडा उभा होता, तो सिस्टरने स्वतः जाऊन पाहिला होता.

वाढदिवसाच्या जेवणानंतर पंचवीस माणसांसमोर टेबलावर आइस्क्रीम आलं. वाढदिवसाचा मान म्हणून पहिला चमचा मेहुण्यांनी घातला. चमचा आत गेला नाही. त्यांनी जोर लावला. डब्बा टेबलावरून सरकला, आइस्क्रीम जागचं हललं नाही. मग सुरी आणली. सुरीही परत गेली.

"हे आइस्क्रीम आहे की फरशी?" कोणीतरी विचारलं.

"थांबावं लागेल," अनुस्वारराव डब्ब्याकडे वाकून म्हणाले. "अर्धा तास. बहुतेक जास्तच." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या 'बहुतेक'मध्ये रुबाब होता.

डब्बा उन्हात ठेवला गेला. सकाळपासून जे वितळू नये म्हणून जीव टांगणीला लागला होता, ते आता वितळावं म्हणून पंचवीस माणसं वाट्या हातात घेऊन उभी होती. मेहुणे चमच्याने वाटी वाजवत अनुस्वाररावांजवळ आले.

"भाऊजी, ती चार मीटर... विकत घेतलीत कुठून? माझ्या व्हॅनमध्येही असावी म्हणतो."

"तीच ठेव," अनुस्वारराव म्हणाले. "मी पुन्हा जास्त आणीन."

सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिने पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून मांडीवर सरळ केला. त्यावर एक मोठी फुली होती. तिने नवऱ्याला खूण केली आणि हात पुढे केला. "पेन्सिल."

त्यांनी शस्त्र द्यावं तशी पेन्सिल तिच्या तळहातावर ठेवली.

मुद्रित तपासताना चुकून खोडलेला शब्द पुन्हा हवा असला, तर त्याच्याखाली टिंबं देतात. त्याचा अर्थ, राहू द्यावे. अनुस्वारराव चाळीस वर्षं घरच्या सामानाच्या यादीतही तेच करत आले होते. सिस्टर 'बिस्किटे' खोडायची, ते हळूच खाली टिंबं द्यायचे, आणि बिस्किटं कधीच यायची नाहीत. ही खूण तिला कळत नसावी, असा त्यांचा समज होता.

सिस्टरने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. गॅस, खिडक्या, दार, कडी. प्रत्येक ओळीखाली तिने नीट, सारख्या अंतरावर टिंबं दिली. शेवटच्या ओळीत 'मागचे' खोडून तिने वर 'लाल स्विच' लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

अनुस्वाररावांनी कागद पाहिला. मग पुन्हा पाहिला. त्यांनी चष्मा पुसला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण वाक्य पूर्ण होईना.

"फक्त डबा," सिस्टर म्हणाली. "बिस्किटं नाही."